सुरू केलेले प्रतिजैविक थांबवायचे कोणी?

सकाळी एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात जायचे, त्या वेळी खाटेवर असलेल्या प्रत्येक रुग्णाचा केसपेपर आणि औषधांचा तक्ता उघडायचा, प्रतिजैविक चालू आहे का, असल्यास कोणते, शिरेतून की तोंडावाटे, कशासाठी, आणि ते कारण कागदावर कोणी लिहिले आहे का, एवढेच टिपायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. रुग्णालयांतील प्रतिजैविकांचा वापर मोजण्याची ही जगभर रुळलेली पद्धत आहे आणि तिला पॉइंट प्रिव्हलन्स सर्व्हे म्हणतात. तिच्यातून मिळते ते एका दिवसाचे छायाचित्र असते. दोन दिवसांत घरी जाणाऱ्या रुग्णापेक्षा तीन आठवडे खाटेवर असलेला रुग्ण या छायाचित्रात सापडण्याची शक्यता बरीच जास्त असते, हे ध्यानात ठेवून तिचे आकडे वाचावे लागतात. तरीही, वॉर्डात औषधे नेमकी कोणत्या सवयीने लिहिली जातात हे दाखवणारी याहून स्वस्त आणि सोपी पद्धत नाही.

आपल्या देशात केंद्र सरकारच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात २० मोठ्या रुग्णालयांमध्ये अशी पाहणी केली. पाहिलेल्या ९,६५२ रुग्णांपैकी ७१.९ टक्के रुग्णांना त्या दिवशी किमान एक प्रतिजैविक चालू होते. रुग्णालयागणिक हे प्रमाण ३७ टक्क्यांपासून थेट १०० टक्क्यांपर्यंत होते, म्हणजे किमान एका ठिकाणी प्रतिजैविक नसलेला एकही रुग्ण सापडला नाही. युरोपातील अशाच पाहण्यांमध्ये साधारणपणे तीनपैकी एका रुग्णाला प्रतिजैविक चालू असलेले आढळते. ही तुलना सरळसोट नाही, कारण आपल्या मोठ्या रुग्णालयांत पोहोचणारा रुग्ण बहुधा दोन-तीन ठिकाणी उपचार घेऊन आणि बराच खालावून आलेला असतो. पण एकाच देशातल्या, एकाच दर्जाच्या रुग्णालयांमध्ये ३७ आणि १०० इतके अंतर पडते ते केवळ रुग्ण वेगळे असल्यामुळे, असे म्हणणे कठीण आहे.

मला या अहवालातला ७१.९ हा आकडा तितकासा अस्वस्थ करत नाही; त्याच्या पोटात दडलेले दोन आकडे अधिक बोलके आहेत. पहिला असा की निम्म्याहून अधिक, म्हणजे ५५ टक्के, रुग्णांना प्रतिजैविक दिले गेले होते ते संसर्ग झाला म्हणून नव्हे, तर होऊ नये म्हणून. दुसरा असा की ज्यांना खरोखर उपचार म्हणून ते दिले होते, त्यांच्यापैकी अवघ्या ६ टक्क्यांच्या बाबतीत कोणता जिवाणू आहे हे आधी कळलेले होते. उरलेल्या ९४ टक्क्यांचे उपचार अंदाजाने चालले होते.

‘अंदाजाने’ हा शब्द वाचून डॉक्टरांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची घाई होते, म्हणून आधी प्रयोगशाळेचे घड्याळ समजून घ्यायला हवे. रुग्णाचे रक्त कल्चरसाठी खास बाटलीत घेतले जाते आणि ती बाटली उबदार यंत्रात ठेवली जाते. रक्तात जिवाणू असतील तर ते वाढून यंत्राने तशी खूण द्यायला बहुधा बारा ते चोवीस तास लागतात. त्यानंतर काचपट्टीवर रंग देऊन तो गोल आहे की लांबट, कोणत्या मोठ्या गटातला आहे, एवढे तासाभरात कळू शकते. पण त्याचे नेमके नाव आणि कोणते औषध त्याच्यावर चालेल, ही यादी हाती यायला आणखी एक-दोन दिवस जातात. इकडे रुग्णाचा रक्तदाब कोसळत असेल, म्हणजे संसर्गाने शरीर धक्क्यात गेले असेल, तर पहिल्या तासाच्या आत प्रतिजैविक द्यावे असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. अहवालाला दोन-तीन दिवस आणि निर्णयाला एक तास, अशा कात्रीत रुग्णाचे वय, लक्षणे, संसर्गाची जागा आणि त्या रुग्णालयात नेहमी सापडणारे जिवाणू यांवरून तर्क बांधून औषध सुरू करणे हाच शहाणपणा ठरतो. वैद्यकात याला एम्पिरिकल उपचार म्हणतात आणि पहिल्या दिवशी तो बहुतेक वेळा योग्यच असतो.

प्रश्न तिसऱ्या दिवशीचा आहे. तोवर कल्चरचा अहवाल आलेला असतो किंवा येण्याच्या बेतात असतो, ताप उतरला आहे की नाही हे दिसत असते, छातीच्या एक्स-रेवर रेडिऑलॉजिस्टचे मत आलेले असते. त्या दिवशी कोणीतरी थांबून विचारायला हवे की हे औषध आता चालू ठेवायचे, बदलायचे, आटोपते घ्यायचे की बंद करायचे. इंग्रजी वैद्यकीय लिखाणात या थांब्याला खेळाच्या मैदानावरून उचललेला ‘टाइमआउट’ हा शब्द वापरतात. औषध सुरू करण्यासाठी कोणाला तरी निर्णय घ्यावा लागतो, सही करावी लागते. ते चालू राहण्यासाठी मात्र काहीच करावे लागत नाही. आदल्या दिवशीच्या तक्त्यावरून आजचा तक्ता उतरवला जातो आणि इंजेक्शन पुढे सरकते. रुग्णालयांतील प्रतिजैविकांच्या वापराला जे वळण पडते, ते सुरुवातीच्या निर्णयापेक्षा या न घेतलेल्या दुसऱ्या निर्णयातून पडते, असे माझे मत आहे.

हा दुसरा निर्णय का घेतला जात नाही, याची कारणे वॉर्डात जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाहीत. समजा, तालुक्याच्या गावी एका साठीच्या बाईंना ताप आणि धाप सुरू झाली. गावातल्या डॉक्टरांनी दोन दिवस प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या, मग तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये तीन दिवस सलाईनमधून सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन हे दुसरे प्रतिजैविक गेले, आणि उतार पडेना म्हणून त्यांना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आणले. येथे त्यांचे रक्त कल्चरसाठी घेतले जाते, पण शरीरात आधीच दोन प्रतिजैविके फिरत असल्याने बाटलीत काही उगवत नाही. आता ‘कल्चरमध्ये काही आले नाही’ याचा अर्थ काय लावायचा? जिवाणूंचा संसर्ग नव्हताच, असाही होतो आणि होता पण औषधाने दबला, असाही होतो. औषध घेण्याआधी नमुना घेतला असता तर जो अहवाल थांबण्याचे बळ देऊ शकला असता, तोच आता निरुपयोगी ठरतो, आणि डॉक्टर सुरक्षित बाजू म्हणून औषध चालू ठेवतात, पुष्कळदा एक पायरी वरचे.

त्यात वॉर्डातली उतरंड असते. औषध लिहिले वरिष्ठांनी राउंडमध्ये. ते बंद करण्याचे धाडस रात्रपाळीचा निवासी डॉक्टर सहसा करत नाही, कारण चालू ठेवल्यामुळे रुग्णाचे काही बिघडले तर त्याला कोणी विचारत नाही, पण बंद केल्यानंतर बिघडले तर सगळे त्यालाच विचारतात. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे असलेल्या नातेवाइकांनाही ‘हायर अँटिबायोटिक सुरू केले आहे’ या वाक्याने धीर येतो. ‘आज एक औषध बंद केले’ या वाक्याने येत नाही. शिवाय प्रत्येक रुग्णालयात कल्चरची सोय नसते, असली तरी रात्री आणि रविवारी नमुने पडून राहतात, आणि खासगी ठिकाणी त्या तपासणीचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो. अशा वेळी जी अनिश्चितता तपासणीने कमी व्हायला हवी, ती औषधाने झाकली जाते.

याच्या अगदी उलट प्रकारही घडतो, तो म्हणजे अहवालावर उपचार करण्याचा. लघवीची नळी महिनाभर असलेल्या रुग्णाच्या लघवीत जिवाणू सापडणे ही जवळजवळ ठरलेली गोष्ट आहे. ताप नाही, दुखत नाही, रक्ततपासणी ठीक आहे, तर ते जिवाणू नळीवर वस्तीला आले आहेत, रुग्णाला आजारी करत नाहीत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या कफाचेही असेच, आणि रक्ताच्या कल्चरमध्ये कधी कधी उगवणारा जिवाणू हा सुई टोचताना त्वचेवरून आत गेलेला असतो. पण अहवालावर जिवाणूचे नाव आणि पुढे औषधांची यादी छापून आली की ती यादी आज्ञेसारखी वाचली जाते. अशा रुग्णाला प्रतिजैविक देऊन नळी निर्जंतुक होत नाही; तिच्यावर त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू तेवढे उरतात.

आता त्या ५५ टक्क्यांकडे वळू, म्हणजे संसर्ग होऊ नये म्हणून दिलेल्या औषधांकडे. यातला मोठा वाटा शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचा असतो आणि येथे शास्त्र आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट आहे. त्वचेला छेद देताना तिच्यावरचे जिवाणू जखमेत उतरण्याची शक्यता असते, म्हणून त्या क्षणी रक्तात आणि ऊतींमध्ये औषधाची पुरेशी मात्रा हजर हवी. त्यासाठी बहुतेक औषधे छेदाच्या आधी तासाभरात शिरेतून द्यायची, शस्त्रक्रिया खूप लांबली किंवा फार रक्त गेले तर आत असतानाच दुसरा डोस द्यायचा, आणि जखम शिवून झाली की काम संपले. शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर केवळ प्रतिबंध म्हणून प्रतिजैविक पुढे चालवू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली केली. बऱ्याच शस्त्रक्रियांसाठी सेफाझोलिनसारखे जुने, स्वस्त औषध पुरते.

प्रत्यक्षात काय होते? साध्या शस्त्रक्रियेनंतरही तीन ते पाच दिवस इंजेक्शने आणि घरी जाताना आणखी पाच दिवसांच्या गोळ्या, हा क्रम आपल्याकडे कोणालाही नवा नाही. आणि यात आपण एकटे नाही, कारण युरोपीय पाहणीतही शस्त्रक्रियेच्या निमित्ताने दिलेल्या औषधांपैकी अर्ध्याहून अधिक एक दिवसापेक्षा जास्त चाललेली आढळली होती. शल्यचिकित्सक खासगीत याचे जे कारण सांगतात ते प्रामाणिक असते: ऑपरेशन थिएटरमधली हवा, उपकरणांचे निर्जंतुकीकरण, वॉर्डातली गर्दी आणि घरी गेल्यावर जखमेची होणारी निगा यांपैकी कशाचीच त्यांना खात्री नसते. पण पाचव्या दिवशीचे इंजेक्शन अस्वच्छ थिएटरची भरपाई करू शकत नाही. जखमेत जिवाणू शिरण्याची वेळ टळून गेलेली असते आणि औषध तेव्हा काम करते ते रुग्णाच्या आतड्यातल्या, अंगावरच्या निरुपद्रवी जिवाणूंवर. त्यातले सोसणारे तेवढे टिकतात.

कोणती औषधे लिहिली जातात, हेही पाहायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांची तीन गटांत वाटणी केली. अ‍ॅक्सेस गटात अ‍ॅमॉक्सिसिलिन, सेफाझोलिन, मेट्रोनिडाझोल, अ‍ॅमिकासिन अशी औषधे आहेत, जी सर्रास उपलब्ध असावीत आणि पहिल्यांदा विचारात घ्यावीत. वॉच गटात सेफ्ट्रायअ‍ॅक्सोन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, मेरोपेनेम, व्हॅन्कोमायसिन आहेत, ज्यांच्यामुळे जिवाणू निर्ढावण्याचा धोका अधिक. आणि रिझर्व्ह गटात कोलिस्टिनसारखी, दुसरे काहीच चालत नसेल तेव्हाची. भारतातील पाहणीत सुमारे ५७ टक्के औषधे वॉच गटातील आणि ३८ टक्के अ‍ॅक्सेस गटातील होती. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये ठरवलेले जागतिक उद्दिष्ट असे आहे की २०३० पर्यंत वापरातील ७० टक्के प्रतिजैविके अ‍ॅक्सेस गटातील असावीत. आपल्या मोठ्या रुग्णालयांचा तराजू आज उलट्या बाजूला झुकलेला आहे.

वॉर्डाच्या बोलीत ‘हायर’ म्हटली जाणारी औषधे अधिक जोरकस असतात, ही समजूत येथे तपासून घ्यायला हवी. ती अधिक प्रकारच्या जिवाणूंपर्यंत पोहोचतात, एवढाच त्यातला अर्थ आहे. रक्तात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सापडला आणि तो साध्या औषधांना दाद देणारा निघाला, तर सेफाझोलिन किंवा क्लॉक्सासिलिन ही जुनी औषधे व्हॅन्कोमायसिनपेक्षा चांगली ठरतात. तेथे ‘मोठे’ औषध चालू ठेवणे म्हणजे रुग्णाला कमी प्रतीचा उपचार देणे होय. दुसरी सवय दुहेरी पांघरुणाची. ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंसाठी मेट्रोनिडाझोल लिहिले जाते, पण पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेम चालू असेल तर ते काम त्यांनीच केलेले असते आणि मोजके अपवाद सोडता आणखी एक बाटली टांगण्याने काही साधत नाही. याच पाहणीत ४.६ टक्के रुग्णांना चार किंवा त्याहून अधिक प्रतिजैविके एकाच वेळी चालू होती.

शिवाय ८६.५ टक्के औषधे शिरेतून किंवा इंजेक्शनने दिली जात होती. सुरुवातीला ते रास्त असते. पण रुग्ण खाऊ-पिऊ लागला, रक्तदाब स्थिर झाला की लिनेझोलिड, लेव्होफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल यांसारखी औषधे गोळीतूनही जवळजवळ पूर्णपणे रक्तात शोषली जातात. हातातली सुई एक दिवस जरी लवकर निघाली, तरी त्या सुईच्या वाटेने नवा संसर्ग होण्याची शक्यता तितकी कमी होते.

या सगळ्याचा परिणाम उलटून पुन्हा डॉक्टरांच्या लेखणीवरच येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद २०१३ पासून देशातील मोठ्या रुग्णालयांचे एक निरीक्षण जाळे चालवते आणि महाराष्ट्रातून सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था त्यात सहभागी आहे. या जाळ्याच्या अहवालांनुसार ई. कोलाय या अतिपरिचित जिवाणूच्या नमुन्यांपैकी इमिपेनेम या राखीव समजल्या गेलेल्या औषधाला दाद देणाऱ्यांचे प्रमाण २०१७ मध्ये सुमारे ८१ टक्के होते, ते २०२३ पर्यंत सुमारे ६३ टक्क्यांवर आले. असा आकडा पाहिलेला डॉक्टर पुढच्या रुग्णाला पहिल्या दिवसापासूनच वरचे औषध लिहितो, त्यामुळे निर्ढावलेले जिवाणू वाढतात आणि पुढच्या वर्षीचा आकडा आणखी खाली येतो.

मात्र या आकड्यांतही एक खोच आहे. एका रुग्णालयात वर्षभरात कोणते जिवाणू सापडले आणि त्यांच्यावर कोणती औषधे चालली, याच्या तक्त्याला अँटिबायोग्रॅम म्हणतात आणि पहिल्या दिवशीचा अंदाज त्याच्या आधारे बांधला जातो. पण जेथे सगळ्या रुग्णांचे कल्चर न पाठवता फक्त औषधे चालेनाशी झालेल्यांचेच पाठवले जाते, तेथे तक्त्यात शिरतात ते बहुतांशी निर्ढावलेले जिवाणू. साध्या औषधाने बरे होऊन गेलेल्यांची त्यात नोंदच नसते. तक्ता मग वास्तवापेक्षा भयानक दिसतो आणि डॉक्टरांना आणखी वर ढकलतो. म्हणूनच कल्चर वाढवणे हा औषधाचा वापर कमी करण्याचाच एक मार्ग आहे.

औषध किती दिवस द्यायचे, यालाही सवयीनेच उत्तर दिलेले आहे. सात, दहा, चौदा हे आकडे शरीरशास्त्रातून आलेले नाहीत. आठवडा आणि हाताची बोटे यांचाच त्यांच्यावर अधिक प्रभाव दिसतो. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिन देण्यात आले तेव्हा ते इतके दुर्मीळ होते की त्याच्या लघवीतून ते पुन्हा काढून वापरले गेले. साठा संपला म्हणून उपचार थांबले आणि सुधारत असलेला तो माणूस दगावला. पुढे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन आपल्याकडेच बनू लागले. ‘कमी पडेल’ ही त्या पहिल्या पिढीची भीती मात्र टंचाई संपल्यावरही वैद्यकाच्या अंगात मुरून राहिली.

अलीकडच्या चाचण्यांनी ती भीती बऱ्याच आजारांत निराधार ठरवली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स चाचणीत सात देशांतील ७४ रुग्णालयांत रक्तात जिवाणू सापडलेल्या ३,६०८ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला सात दिवस आणि दुसऱ्याला चौदा दिवस प्रतिजैविक दिले. नव्वद दिवसांत सात दिवसांच्या गटातील १४.५ टक्के आणि चौदा दिवसांच्या गटातील १६.१ टक्के रुग्ण दगावले, म्हणजे अर्धा कालावधी कोठेही कमी पडला नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा संसर्ग असलेले आणि प्रतिकारशक्ती अतिशय खालावलेले रुग्ण या चाचणीत नव्हते. क्षयरोग, हृदयाच्या झडपांचा किंवा हाडांचा संसर्ग यांचे गणित वेगळे आहे आणि तेथे औषध मध्येच सोडणे घातक ठरते.

उपाय म्हणून कायद्याकडे पाहिले जाते. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, औषध नियमांतील शेड्यूल एच-१ या यादीनुसार ठरावीक औषधे विकताना औषध विक्रेत्याला डॉक्टर आणि रुग्ण यांची नोंद वहीत ठेवावी लागते. दुकानाच्या काउंटरसाठी हे योग्यच आहे, पण वॉर्डात डॉक्टरांची सही असतेच. तेथे ही वही काही अडवत नाही. रुग्णालयात उपयोगी पडतात त्या फार साध्या गोष्टी: औषध लिहितानाच पुनर्विचाराची तारीख लिहिणे, रिझर्व्ह गटातील औषधाला दुसऱ्या एका तज्ज्ञाची संमती घेणे, आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ व क्लिनिकल फार्मासिस्ट यांनी वॉर्डात येऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी समोरासमोर बोलणे. यातला शेवटचा उपाय सर्वांत परिणामकारक असावा असे मला वाटते, कारण थांबण्याची जबाबदारी तेव्हा एकट्या निवासी डॉक्टरच्या खांद्यावर राहत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांना पत्र लिहून, प्रतिजैविक लिहून देताना ते का देत आहोत याचे नेमके कारणही लिहावे, असे आवाहन केले. वरवर पाहता हा कारकुनी तपशील वाटतो. पण ‘न्यूमोनियाची शंका, कल्चर पाठवले, शुक्रवारी पुन्हा पाहावे’ एवढी ओळ केसपेपरवर असेल, तर शुक्रवारी ड्यूटीवर आलेल्या, रुग्णाला पहिल्यांदाच पाहणाऱ्या डॉक्टरकडेही निर्णय घेण्यापुरते काहीतरी असते; नातेवाइकांनाही औषध बंद करण्याचा आग्रह न धरता, कल्चरचे काय आले आणि हे इंजेक्शन कशासाठी, किती दिवस, असे विचारता येते. ती ओळ नसेल तर त्या डॉक्टरपुढे फक्त औषधाचे नाव, मात्रा आणि ‘दिवस तिसरा’ एवढेच असते, आणि तो त्याखाली ‘दिवस चौथा’ लिहितो.